साठ वर्षांचे सोमवार

माझ्या जिभेला हाड नाही, हे डोंबिवलीच्या शाळेत चौतीस वर्षं सगळ्यांनी ऐकवलं मला. मुख्याध्यापकांनीसुद्धा. इतिहास शिकवायचे आणि वक्तृत्व स्पर्धेला मुलं तयार करायचे. निवृत्त होऊन वर्तकनगरला मुलाकडे राहायला आले, तरी बोलायची खोड काही गेली नाही. त्यामुळे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघानं शनिवारच्या व्याख्यानासाठी विचारलं, तेव्हा विषय मी तिथल्या तिथे सांगून टाकला. युद्धकाळातली गाजलेली भाषणं आणि त्यांचा टिकलेला परिणाम.

छान रंगलं हो व्याख्यान! चर्चिल घेतला. पंतप्रधान होऊन चार दिवस झाले नाहीत तोवर 'माझ्याकडे द्यायला रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम एवढंच आहे' असं तोंडावर सांगणारा माणूस. लिंकन घेतला. गेटिसबर्गला त्याच्या आधीचा वक्ता दोन तास बोलला, आणि लिंकन जेमतेम दोन-तीन मिनिटं. त्या दोन तासांतलं एक तरी वाक्य येणाऱ्यांनी हात वर करा, म्हटलं. कोण करणार? नेताजींचं रक्त मागणं आलं तेव्हा समोरच्या म्हाताऱ्या माना ताठ झाल्या. बासष्टचं नेहरूंचं आकाशवाणीवरचं भाषणही घेतलं, कारण परिणाम काय नेहमी चांगलाच असतो? आसामच्या लोकांसाठी जीव तुटतो, असं ते बोलले, आणि तिथल्या कित्येकांना वाटलं, आपल्याला निरोप दिला. तो सल अजून गेलेला नाही. एकाहत्तरचं इंदिराबाईंचं ढाका मुक्त झाल्याचं निवेदन शेवटी ठेवलं. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात मागून हात वर आला. आमच्याच इमारतीतले, तळमजल्यावरचे शिवरामभाऊ. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. वय बहात्तर, अंगकाठी सडपातळ, संघाच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडायला पहिले आणि उचलायला शेवटचे. त्यांना बोलताना मी कधी फारसं ऐकलं नव्हतं.

"बाई, पासष्टचं शास्त्रीजींचं राहिलं का?"

"राहिलं नाही, घेतलंच नाही," मी म्हटलं. "'जय जवान, जय किसान' ही घोषणा मोठी, मान्य. पण वक्तृत्व म्हणून पाहिलंत तर साधं बोलणं होतं हो ते. एक वेळ जेवू नका वगैरे. कुणाला आठवतंय आज?"

"साधंच होतं," असं म्हणून ते खाली बसले. नंतर माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लाससुद्धा त्यांनीच उचलून नेला.

दोनच दिवसांनी, सोमवारी रात्री नऊच्या सुमाराला, त्यांची सून सोनल धापा टाकत माझ्या दारात. "बाई, चला ना खाली. बाबा पडलेत. विनीत अजून ऑफिसातून आला नाहीये."

मी धावले. शिवरामभाऊ जमिनीवर, घामानं अंग चिंब, डोळे अर्धे उघडे. त्यांना साखरेचा आजार आहे आणि नुकतंच इन्सुलिन सुरू झालंय हे मला ठाऊक होतं. सोनलनं बोटावर साखर घेऊन गालाच्या आत चोळली. थोड्या वेळानं ते उठून बसले, तेव्हा चमच्याचमच्यानं साखरपाणी पाजलं. रिक्षा करून डॉक्टरांकडे नेलं. तपासून झाल्यावर डॉक्टर चांगलेच तापले. "इन्सुलिन घ्यायचं आणि रात्री जेवायचं नाही, हा काय प्रकार आहे? आज सूनबाई घरात होत्या म्हणून वाचलात. पुढच्या वेळी कुणी नसेल तर उठणार नाही तुम्ही."

घरी आल्यावर सोनलचा बांध फुटला. "लग्न झाल्यापासून बघतेय मी. दर सोमवारी रात्री काही म्हणजे काही खात नाहीत. मी साबुदाण्याची खिचडी करते, वरीचे तांदूळ करते, हात लावत नाहीत. श्रावणात तर मी बेलाची पानंसुद्धा आणून ठेवते. शंकराला काय कळत नाही का, माणूस आजारी आहे ते?"

"शंकराचा नाही गं तो उपास," शिवरामभाऊ म्हणाले.

सोनल बघतच राहिली. "मग कुणाचा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा ओशाळून. "बाईंनी परवा सांगितलं ना. ते साधं भाषण."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. परवा काय बोलले होते मी? कुणाला आठवतंय आज!

हळूहळू सगळं बाहेर आलं. पासष्ट साली हे कुटुंब खटावकडून दुष्काळाला कंटाळून ठाण्याला आलेलं. वागळे इस्टेटमध्ये तेव्हा कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या आणि शिवरामभाऊंची आई शेवंतीबाई तिथे घमेली वाहायची. वडिलांना काम लागलं तर लागलं. पोरगा बारा वर्षांचा. चाळीच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात रेडिओ होता. लढाईचे दिवस, धान्य परदेशातून यायचं, आणि पंतप्रधानांनी देशाला सांगितलं की आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा. सोमवारी रात्री हॉटेलंसुद्धा बंद राहू लागली.

"आमच्याकडं तसं पण आठवड्यात दोन-तीन रात्री चूल पेटत नव्हती," शिवरामभाऊ म्हणाले. "लाज वाटायची हो. शेजारी वास यायचा फोडणीचा, आणि आई दार लावून घ्यायची. पण ते भाषण झालं आणि आई म्हणाली, सोमवारी दार उघडं ठेवायचं. आज आपल्याकडं नाही म्हणून नाही, आज आपण देतोय. अख्ख्या चाळीत कुणाकडंच चूल नव्हती त्या दिवशी. कारकुनाकडं नाही, शेठकडं नाही. दिल्लीत मंत्र्याकडं पण नाही म्हणे. बाकीच्या रात्री आम्ही उपाशी होतो, बाई. सोमवारी नव्हतो."

चौतीस वर्षं मुलांना शिकवलं, की भाषणाचा परिणाम बघायचा तर कोणतं वाक्य लोकांच्या ओठांवर राहिलं ते बघा. चर्चिलचं राहिलं, लिंकनचं राहिलं. पोटात राहिलेलं भाषण मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पण मग सोडलंत का नाही?" सोनलनं विचारलं.

"सांगणारा माणूस जानेवारीत ताश्कंदला गेला तो गेलाच. आई म्हणाली, ज्यानं धरायला लावलं त्यानं सोडायला सांगितलं नाही. म्हणून आपण आपलं चालू ठेवायचं. ती गेली ब्याण्णव साली, सोमवारीच गेली. त्या दिवशीही तिनं पेज नको म्हणून हात केला."

"आणि लोकांना शंकराचा म्हणून का सांगितलंत?"

"मी नाही सांगितलं. वर्कशॉपमध्ये पोरं भोलेनाथ, भोलेनाथ करायची, मी गप बसायचो. शंकराचं म्हटलं की कुणी विचारत नाही, सोनल. देशाचं म्हटलं की लोकं हसतात, नाहीतर भाषण सुरू करतात."

हे शेवटचं माझ्याकडे न बघता म्हणाले, तेवढी सभ्यता होती त्यांच्यात.

पुढचे चार दिवस मी त्या घरात ठाण मांडून वाद घातला. धान्याची कोठारं भरलीत हो आता, आपण परदेशात तांदूळ पाठवतो! ते म्हणायचे, ठाऊक आहे. शास्त्रीजी असते तर त्यांनीच तुम्हाला जेवायला बसवलं असतं. ते म्हणायचे, बसवलं असतं. मग? मग मान खाली. एकदा तर मी चिडून म्हटलं, "अहो, मरायचंय का तुम्हाला त्या सोमवारापायी?" सोनलनं मला डोळ्यांनी दटावलं.

"आईचं एवढंच होतं, बाई," ते म्हणाले. "घर नाही, दागिना नाही. तिनं दिलं असं एवढंच. मीच मोडलं तर ती नुसती उपाशी बाई राहिली ना?"

मार्ग काढला सोनलनं, भाजी निवडता निवडता. "बाबा, सोळा सोमवार केले की माझी आई उद्यापन करते. उद्यापन झालं की व्रत मोडलं असं होत नाही, पुरं झालं असं होतं. तुम्ही साठ वर्षं केलंत. उद्यापन करा की!"

शिवरामभाऊंनी तिच्या हातातली भाजीची जुडी घेऊन निवडायला सुरुवात केली. मग म्हणाले, "देवाचं असलं तर मेहुणाला जेवू घालतात. ह्याला कुणाला घालायचं?" आणि उत्तरही त्यांनीच दिलं, घोषणेत होतंच ते. एक जवान आणि एक किसान.

हसू नका. जवान मिळाला. समोरच्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर बसणारे सहदेव पूर्वी फौजेत नाईक होते, सतरा वर्षं नोकरी, दोन हिवाळे बर्फात. बोलावणं ऐकून ते आधी गोंधळले. मग "येतो" म्हणाले आणि ड्यूटी बदलून घेतली. पण शेतकरी? ठाण्यात? मंडईत विचारलं, तर भाजीवाले म्हणतात आम्ही माल उचलतो, पिकवत नाही. शेवटी मला भिवाशेठ आठवले. इथले जुने आगरी. आम्ही आज ज्याला रस्ते आणि टॉवर म्हणतो, त्यातली बरीच त्यांची भाताची खाचरं होती. मी आणि शिवरामभाऊ त्यांच्या घरी गेलो. घर कसलं, संगमरवरी तीन मजले.

भिवाशेठनी सगळं ऐकून घेतलं आणि हातच जोडले. "नाय वो, ताई. मी कसला शेतकरी? जमिनीवर बिल्डिंगा हायत माज्या. या मानसाचा साठ वर्सांचा उपास, आनि सोडवायला मी? लाज वाटल मना. फुकट जायाचा त्याचा."

शिवरामभाऊ निमूटपणे उठले. तेवढ्यात आतून भिवाशेठची बायको लक्ष्मी बाहेर आली आणि नवऱ्यावर कडाडली, "आनि मागलं खाचर काय शेजाऱ्याचं हाय? दर सालाला आवनीला वाकतंव ती मी कोन?" तेव्हा कळलं, की घरामागे एवढंसं खाचर त्यांनी ठेवलंय. लक्ष्मीबाईंना दुकानचा तांदूळ चालत नाही, आणि पावसाळ्यात चिखलात उतरल्याशिवाय भिवाशेठना झोप लागत नाही. विकायला मागणारे दर महिन्याला येतात. "त्या खाचराला बगून लोकं हसतात," भिवाशेठ पुटपुटले.

"मला पण हसतात," शिवरामभाऊ म्हणाले.

भिवाशेठनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तांदूल माजा आसल," एवढंच म्हणाले.

सोमवार आला. सोनलनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलेलं. डॉक्टरांना विचारून किती भात, किती पोळी ते ठरवलं होतं. संध्याकाळी सातला दोन पाट मांडले. सहदेव इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि छातीला पदक लावायचं की नाही म्हणून खिशात घेऊन आले. मीच लावलं. शिवरामभाऊंनी ताम्हणात दोघांचे पाय धुतले, तेव्हा भिवाशेठ पाय आखडून घ्यायला लागले. "आरं, नको रं, नको," करत राहिले, पण शिवरामभाऊंनी टाच धरून ठेवली.

ताटं वाढली. पाहुण्यांनी जेवायचं आणि मग यजमानानं, अशी रीत. पण सहदेवांनी हात मागे घेतला. "काका, फौजेत आम्ही सगळे बरोबर जेवायचो. तुम्ही बसा." भिवाशेठनीही पाट सरकवून मधे जागा केली. "बस रं. तू बसल्याबिगर आमी घास घेनार नाय."

शिवरामभाऊ बसले. सोनलनं वाढलं. भात, वरण, वर तुपाची धार. त्यांनी भात कालवला, घास केला आणि हात तिथेच थांबला. त्यांचा मुलगा विनीत भिंतीला टेकून उभा होता. माझ्या तोंडात शंभर वाक्यं तयार होती, एकाहून एक सरस. देवाशपथ सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड मिटून बसले.

"घे रं," भिवाशेठ हळूच म्हणाले. "माज्या खाचरात पिकलाय."

त्यांनी घास घेतला. मग दुसरा. मग मात्र ते भराभर जेवायला लागले, मान खाली घालून, लहान मूल शाळेतून आल्यावर जेवतं तसे. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. ताट रिकामं झालं तरी बोटं ताटातच फिरत राहिली.

"बाबा, आणखी वाढू का थोडा?" सोनलनं विचारलं.

त्यांनी मान वर केली. समोर सोनल होती, पण ते बोलले ते तिच्याशी नव्हे.

"खोटं बोलायचो गं आई मी तुझ्याशी. सोमवारी पण लई भूक लागायची."

सोनलनं वाकून त्यांच्या ताटात भात वाढला.