बाजेखालची शेगडी

भिवंडीतल्या नोकरीतलं बरंच काही विसरलो, पण काल्हेरच्या त्या बाळंतिणीचं प्रकरण अजून डोक्यातून जात नाही.

थंडीचे दिवस होते. सकाळी साडेदहाला पोलीस ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "साहेब, काल्हेरला सासूनं सुनेला विष घातलंय. दुसरी पण मुलगीच झाली ना!" आणि फोन बंद. स्टेशन डायरीत नोंद करून मी रुग्णालय गाठलं. सून बेशुद्ध होती. बाळ तेवढं सुखरूप; त्या वेळी मालिशवाली बाई त्याला गच्चीवर उन्हात घेऊन बसली होती. सुनेची आई मला बघताच ओरडली, "त्या बाईला आधी आत टाका! लाडवांतून घातलंय तिनं." डॉक्टर मात्र म्हणाले, "विषाचं एकही लक्षण जुळत नाही. नक्की काय झालंय ते लवकर कळलं, तरच ही वाचेल."

सासूला ठाण्यात आणलं. जन्म शेतात राबण्यात गेलेली, जुनं घर पाडल्यावर नुकतीच फ्लॅटमध्ये आलेली बाई. मी एकच प्रश्न वीस तऱ्हांनी विचारला, "सुनेला काय दिलंत?" उत्तरही एकच. "काय दिला न्हाय साहेब. लाडू मीपन खाल्ले." नजर मात्र चोरत होती. माणूस काहीतरी लपवतोय, एवढं तीस वर्षांच्या नोकरीनंतर कळतंच. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. ती आणखी मिटली. असा तास गेला. बाहेर माहेरची माणसं अटकेसाठी अडून बसली होती. पुराव्याशिवाय मी अटक करणार नव्हतो आणि खरं कळल्याशिवाय उठणारही नव्हतो.

तेवढ्यात बाईला ओकारी झाली. तिला बाहेर नेऊन आणणारी आमची महिला हवालदार स्वतः दोन लेकरांची आई. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "साहेब, ही आल्यापासून डोकं धरून बसलीय. पदराला कोळशाचा वास येतोय. जरा शेक-शेगडीचं विचारा ना."

मी खुर्ची ओढून जवळ बसलो. "मावशी, बाळंतिणीला शेक कसा देत होतात?"

बाई ढसाढसा रडायला लागली. नव्या घरात कोळसा पेटवायचा नाही, असं मुलानं बजावलं होतं. तो कामावर गेला की ही गुपचूप बाजेखाली शेगडी ठेवायची. "वारा लागू नये म्हनून खिरकी लावली, दाराखाली लुगडं कोंबलं. कोळसा लाल झाला व्हता साहेब, धूर कनभर नव्हता. चहा करून आत गेले तर ती उठंना." मुलगा रागावेल म्हणून तिनं शेगडी जिन्याखाली लपवली होती. शेगडीनं माणूस बेशुद्ध पडतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "कोळशाचा वायू!" ते म्हणाले आणि धावले. सासूलाही ठाण्याच्या गाडीतून रुग्णालयात पाठवलं, कारण तो वायू तिच्याही अंगात भिनला होता.

पंचनाम्याला ती खोली पाहिली. सरकत्या काचांची खिडकी इतकी घट्ट की मुंगी आत येणार नाही. धूर थांबला की धोका टळला असं आपण समजतो. चूक! निखारा लाल असतो तेव्हाही त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतच असतो. त्याला ना रंग, ना वास. बंद खोलीत शेगडी नको म्हणजे नकोच, मग थंडी असो की बाळंतपण.

तिसऱ्या दिवशी सून शुद्धीवर आली. तिच्या आईचा जबाब मी पुन्हा घेतला. कोळशाचं सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "लेकीच्या पयल्या बाळंतपनाला मीपन अशीच शेगडी ठेवली व्हती, साहेब. दार लावून."

"मग तेव्हा काही झालं नाही?"

"आमचं घर कौलांचं हाय ना. फटींतून आभाळ दिसतं."

जबाबावर सही करून ती उठली आणि बाहेर बाकावर बसलेल्या विहिणीच्या शेजारी जाऊन बसली.

लोकांनी मला शाबासकी दिली. ती हवालदार बाईंची होती आणि तसं मी अहवालात लिहिलंही. मी स्वतः काय केलं? जिवापाड काळजी घेणाऱ्या बाईला तासभर विषाबद्दल विचारत बसलो. तिकडे ती पोरगी त्याच तासात मरू शकली असती.