घर बंद

समोरच्या दाराची बेल वाजली तेव्हा मी जिन्यातल्या कुंड्यांना पाणी घालत होते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी सर्वेक्षणासाठी आली होती. "बायकांना दिवसभरात विसावा किती मिळतो, एवढंच विचारायचंय," ती म्हणाली. कणकेने माखलेले हात अंगापासून लांब धरून शेजारच्या शोभाताई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "घरी कोणी नाहीये गं. संध्याकाळी ये, हे असतील तेव्हा."

मुलीने मान डोलावली आणि कागदावर 'घर बंद'पुढे खूण केली.

माझं डोकंच फिरलं. "अगं, त्या काय भिंत आहेत? विचार की त्यांनाच!"

"त्याच म्हणाल्या ना, कोणी नाही म्हणून. बंद घराऐवजी पुढचं घर घ्यायचं असतं. तुम्हाला वेळ आहे का?"

होता ना, चिडायलाही भरपूर होता! उद्या हिच्या अहवालात छापून येईल की बायका निवांत आहेत, कारण ज्यांना बोलायला फुरसत होती त्यांनीच तर उत्तरं दिलेली असणार. पण राग काढायचा कोणावर? स्वतःला 'कोणी'त न धरणाऱ्या शोभाताईंवर? परवा वीजमीटरवाला आला तेव्हा मीही आतून हेच ओरडले होते.

मुलगी पायरीवर टेकली आणि तिने प्यायला पाणी मागितलं. मी आत वळेपर्यंत त्या बंद घरातून तांब्या आलाही होता. त्याच्यावर कणकेची पाच बोटं उमटली होती.