चढलेल्या प्लेटलेट

आमच्या कुडवा गावात डेंगूच्या दिवसांत कोणी कोणाची तब्येत विचारत नाही, प्लेटलेट विचारतात. ह्यांना ताप आला, तर रक्त तपासायच्या आधीच सासूबाईंनी अंगणातल्या पपईची पानं वाटून रस पाजला. कडूजहर! ताप उतरला आणि रिपोर्ट आला. प्लेटलेट साध्या माणसाच्या कितीतरी पट! घरात आनंदीआनंद. सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले, शेजारी पिशव्या घेऊन पानं तोडायला आले.

माझं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. ह्यांचे तळपाय जळत, दोन घासांत पोट भरे, डाव्या बरगडीखाली हात लावू देत नसत. डॉक्टरकडे चला म्हटलं की, "कायले? रिपोर्ट तं चांगला आहे ना!" डोकंच फिरायचं माझं.

शेवटी ओढूनच नेलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "बहनजी, डेंगू में तो ये गिरते हैं. इतने चढ़े क्यों?" पोट दाबून पाहिलं, तर प्लीहा सुजलेली. लगेच नागपूरला पाठवलं.

तिथे हाडातला मगज काढून तपासला, जनुकाची तपासणी केली. रक्ताचा कॅन्सर निघाला, सावकाश वाढणारा. त्यात बहुतेकांच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. ह्यांच्या जवळजवळ बरोबर होत्या, एकट्या प्लेटलेटच माजल्या होत्या. "म्हणून पटकन ओळखू येत नाही," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज गोळी घ्यायची. चुकवली तर जिवावर बेतेल. प्लेटलेट खाली आल्या पाहिजेत."

आल्या की! दर तपासणीला खाली. मी देवापुढे साखर ठेवायची आणि हे रिपोर्ट बघून गप्प व्हायचे. आजाराने खचले असतील, असं मला वाटायचं.

परवा रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले. प्लेटलेट पुन्हा वर. डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं, "गोळी घेतात ना नक्की?" मला रागच आला. माझ्या हातानं देते मी रोज, असं ठणकावून सांगितलं.

घरी आले. अंगणात पपईच्या नुकत्याच तोडलेल्या देठांतून चीक गळत होता. घरात तर कोणालाच ताप नव्हता. हे मागच्या दारी बसले होते, हातात पेला, ओठ हिरवे.

"अजी, हे काय?"

"पडून राहिल्या होत्या ना प्लेटलेट," ते हळूच म्हणाले. "पडल्या का माणूस मरते, सारा गाव जाणते. त्या गोळीनंच पडून राहिल्या. तू पाठ फिरवली का थुकून टाकतो मी, अन् हा रस पेतो."

माझ्या डोळ्यांना धारच लागली. त्यांची नजर माझ्या हातातल्या रिपोर्टवर गेली आणि कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा खुलला.

"काऊन रडून राहिली वो? चढल्या ना?"