गोळीला वीकली ऑफ

प्लांटच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये माझ्या पांढऱ्या पेशी नको तितक्या निघाल्या, तेव्हा बायको मुलीच्या बाळंतपणाला हैदराबादला होती. डॉक्टर म्हणाले, रक्ताचा कॅन्सर आहे, पण सावकाश चालणारा. रोज एक गोळी, जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाणी, बहुतेक जन्मभर. केस जाणार नाहीत, असंही म्हणाले. केस आधीच इतके गेले होते, की त्या बातमीचा मला व्हावा तेवढा आनंद झाला नाही.

घरी सांगितलं नाही. बाळ होऊ दे, मग सांगू. बाळ झालं. बारसं होऊ दे. मान धरू दे. पालथं पडू दे. मुलगी नोकरीवर रुजू झाली आणि बायकोचा मुक्काम वाढला. मी सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये एकदा लावलेलं वरण दोन दिवस खात होतो. गोळ्यांची डबी तांदळाच्या डब्यात लपवायचो. कोणापासून, ते विचारू नका. घरात मी आणि एक पाल.

व्हिडिओवर बायको विचारायची, "काहो, डोये कावून सुजले?"

"नाईट होती ना."

"मले तर रडल्यासारखे दिसते."

"नाईटमध्ये कोण रडते? रडवणारा फोरमनच झोपून राहते."

सूज गोळीची होती. पोटऱ्यांत पेटकेही यायचे. पलंगावरून उठून भिंत धरून उभा राहायचो. आता, शिफ्टमध्ये जन्म घालवलेल्या माणसाचं डोकं एकाच रीतीनं चालतं. सहा दिवस ड्यूटी, सातव्या दिवशी ऑफ. मशीनलासुद्धा शटडाऊन देतो आपण. मग या शरीरानं काय पाप केलं? माझ्या ऑफच्या दिवशी मी गोळीलाही ऑफ देऊन टाकला. त्या दिवशी पाय हलके वाटायचे, निदान मला तसं वाटायचं. मार्केटमध्ये जाऊन यायचो. भाजीवालीशी कोथिंबिरीवरून जरा जास्तच भांडायचो. तेवढंच आठवड्याचं बोलणं.

सहा महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला. कॅन्सरचा आकडा जितका खाली यायला हवा होता, तितका आला नव्हता.

"रोज बराबर लेते हैं?" डॉक्टरांनी विचारलं.

"जी, बिलकुल."

"फिर ये दवा काम नहीं कर रही. बदलनी पड़ेगी."

त्यांनी समजावून सांगितलं. दुसरी गोळी जास्त जोरदार, पण तिच्यावर ठेवलं तर हृदय आणि फुप्फुसं तपासत राहावं लागेल. शिवाय अशा गोळ्या मोजक्याच आहेत. एक निकामी ठरली की पुढचे पर्याय तेवढे कमी होतात. मी मान हलवली, नवी चिठ्ठी घेतली आणि औषधाच्या खिडकीसमोर रांगेत उभा राहिलो.

तिथे मला आमचं लॉगबुक आठवलं. एकदा एका पोरानं त्यात 'पंप फेल' असं लिहिलं होतं. मी जाऊन पाहिलं तर वाल्वच बंद. सगळ्या वर्कशॉपसमोर त्याला झापलं होतं, "वाल्व बंद ठेवून पंपाले शिव्या देतं का बे?" आणि आज माझ्या तांदळाच्या डब्यात पंचवीसेक गोळ्या शिल्लक होत्या. चांगली गोळी मी नापास करून आलो होतो.

नंबर जवळ आला होता. रांग सोडली आणि परत डॉक्टरांच्या दारात गेलो. वीकली ऑफचं ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बीमारी छुट्टी लेती है क्या?"

"नहीं सर."

"पैर दुखते हैं तो मुझे बताइए. उसका इलाज है. घर में कोई पूछने वाला है?"

"नहीं," म्हणालो. मग म्हणालो, "है. बताया नहीं."

त्यांनी चिठ्ठी परत घेतली, पण फाडली नाही. तीन महिने तीच गोळी, एकही दिवस न चुकता, मग बघू. त्यांच्याच पत्रावर मला जनरल शिफ्ट मिळाली, म्हणजे रोज फक्त दिवसाची ड्यूटी.

त्या संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. मागे बाळ कुरकुरत होतं.

"सहा महिने?" ती म्हणाली. "आन मी इथं तुमाले लंगोटाचे फोटो पाठवून राहिली होती! कावून नाही सांगतलं?"

"तू येशील म्हणून."

"आलीच असती. का नसती आली, असं वाटलं तुमाले?"

 

ती लगेच येऊ शकली नाही. बाळाला टाकून कशी येणार? पण रोज संध्याकाळी साडेसातला तिचा फोन. मी ताटावर बसायचो, फोन वरणाच्या पातेल्याला टेकवलेला. गोळी तोंडात, पाणी, आणि रिकामा ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज ऐकला की ती म्हणायची, "ठेवू?" मग उरलेला भात मी एकटा संपवायचो. तो भात काही लवकर संपत नसे.

परवा तीन महिन्यांचा रिपोर्ट आला. आकडा चांगलाच खाली आलाय. तीच गोळी चालू राहणार. दुपारी दोनदा फोन लावला, उचलला नाही. बाळाला झोपवत असेल. साडेसातला तिचाच आला.

"खाल्ली काय?"

"अगं, आधी ऐक तर, रिपोर्ट..."

"आधी गोळी."

गोळी घेतली, आणि हैदराबादपर्यंत आवाज जावा असा ग्लास ठेवला.