चंद्रावरचं माप

सकलैन सरांचं यान दर शनिवारी नांदुऱ्याच्या शाळेतून सुटायचं. बाकं एकामागे एक लावली, खिडक्या बंद केल्या, की नववीचा वर्ग निघाला चंद्रावर. सर जळगाव जामोदहून एसटीनं यायचे. ब्रेक लागला की आपण पुढे का आपटतो, हे ते स्वतःच्या कपाळावरचं टेंगूळ दाखवून शिकवत. वजन ब्याण्णव किलो. चंद्रावर आपण पंधराच किलो भरू, हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की पोरांना वाटे, सर एक दिवस खरोखर तिकडे राहायला जातील.

उलटी मोजणी वर्गातली अपेक्षा करायची. तिचे वडील रामराव बाजारात शेतमाल तोलून देणारे मापारी. मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. त्यामुळे हे यान "तीन, दोन, लाभ" झालं की उडायचं.

मुख्याध्यापिका संजीवनीबाईंना हा सगळा पोरखेळ वाटे. आणखी एक तक्रार आली तर यान बंद, मुकाट्यानं फळ्यावर उत्तरं लिहून द्यायची, असं त्यांनी बजावलं होतं. लिहून दिलेलं विज्ञान पोरं परीक्षेच्या दुपारीच विसरतात, हे सर बावीस वर्षं बघत होते. हा एकच तास पोरं घरी घेऊन जात.

आणि घरी नेला म्हणूनच घोटाळा झाला. अपेक्षानं जेवताना सांगितलं, चंद्रावर कोणत्याही काट्यावर क्विंटलभर कापूस सतरा किलोही भरत नाही, सर म्हणाले. तीस वर्षांत ज्यांच्या मापाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, त्या रामरावांनी ताट बाजूला सारलं.

पुढच्या शनिवारी ते आपला जुना तराजू खांद्यावर टाकून थेट वर्गात आले. मागोमाग संजीवनीबाई. सरांनी समजावून पाहिलं, की चंद्राची ओढच सहाव्या हिश्शाची, म्हणून काटाही तेवढंच दाखवणार. रामरावांनी एका पारड्यात किलोचं माप ठेवलं, दुसऱ्यात सरकीची पिशवी. दांडी सरळ झाली.

"सर, माल तुम्ही चंद्रावर नेला. मंग हे माप काय नांदुऱ्यातच ठेवलं?"

सरांच्या लक्षात आलं. माल हलका झाला तर मापही तेवढंच हलकं होणार, दांडी सरळच राहणार. कमी दाखवेल तो बाजारातला इलेक्ट्रॉनिक काटा. वजन वेगळं आणि वस्तुमान वेगळं, हे वाक्य त्यांनी बावीस वर्षं लिहून दिलं होतं, पण असं लख्ख दिसलं नव्हतं कधी. पोरांसमोर लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

"मी चुकलो," सर म्हणाले. "रामरावांचं बरोबर आहे."

संजीवनीबाईंनी वही उघडली. तक्रार लिहून घ्यायची ना, असं त्यांनी रामरावांना विचारलं.

"हाव, लिहा," रामराव म्हणाले. "पोट्ट्यायले चंद्रावर नेलं, अन् मापाऱ्याले खालीच ठेवलं. हे काही बरोबर नाही."

बाईंचं पेन थांबलं. मग त्यांनी वही मिटली आणि पोरांना जरा सरकून बसायला सांगितलं.