राखणीची मावशी

राखणीची मावशी माळ्यावर चढत नसे. आता राखणदारानं माळ्यावर चढायचं नाही तर काय करायचं, सांगा! तात्यांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, डाळिंबाच्या बागेत चार बाभळीच्या खांबांवर चांगला भक्कम माळा उभारून दिला होता. वर बसून गोफण फिरवली की पोपटांचे थवे उठलेच पाहिजेत. पण मावशी दिवसभर ओळीओळीतून पायीच हिंडायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "आमच्या पारध्यांत बाई उंचावर चढत न्हाय, वैनी. खालनं बाप्या गेला तर त्येला इटाळ हुतो." बागेत बाप्या कुठला आलाय, असं मी म्हटल्यावर नुसती हसली आणि पुढच्या ओळीला लागली.

आमची वस्ती पळसदेवच्या अलीकडे, उजनीच्या पाण्याकाठी. घरात मी आणि तात्या. नवरा बारामतीला नोकरीला, तो आठवड्यानं उगवायचा. दुपारी बोलायला कुत्रंसुद्धा नसे, कारण तेही मावशीच्या मागे हिंडायचं. मग मी चहा घेऊन बांधावर जायची. पहिले काही दिवस ती चार हात लांब बसायची. मी रागावले, तेव्हा जरा पुढं सरकली. तुझं गाव कुठलं, असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं होतं: "जितं हाकलत न्हाईत, तितं."

गंमत बघा, बाग राखायला आमच्याकडच्या लोकांना पारधीच लागतो. त्याच्या नुसत्या नावानं भुरटे चोर बागेत शिरत नाहीत म्हणे. आणि काठावरच्या कुणाच्या पाण्याच्या मोटारीची केबल चोरीला गेली, की पोलिसांची जीप पहिली येते ती त्याच पारध्याच्या खोपीवर. "पळालं तर चोर, बसलं तर मार," असं मावशी म्हणायची. तिचा नवरा पळाला होता आणि अंधारात बिनकठड्याच्या विहिरीत पडून गेला. हे तिनं मला उकललेली डाळिंबं वेचता वेचता सांगितलं. मी हातातला चहा बांधावर ठेवून दिला. ती मात्र म्हणाली, गार हुतोय, पी.

तिला एकच मुलगी, रेश्मा. पुण्याच्या एका वसतिगृहात राहून शिकत होती. मावशीचा जीव सगळा त्या पोरीच्या शिकण्यात. रेश्मा दहावीला गेली आणि मावशीचा दीर तिचं लग्न ठरवूनच आला. मावशीनं नाही म्हटलं. तो परत आला, सोबत दोघे वडीलधारे घेऊन. जातीच्या बैठकीत विधवेनं नाही म्हणायला तिच्या बाजूनं बोलणारा कुणीतरी बाप्या लागतो, आणि तो हिच्याकडे नव्हता. आठ दिवस मावशी धड जेवली नाही. मग बैठकीला गेली आणि सगळ्यांसमोर सांगून आली, की पोरगी परजातीच्या पोराबरोबर पळाली, बाटली, माझा आणि तिचा संबंध संपला.

तसलं काही म्हणजे काही नव्हतं. रेश्मा बिचारी वसतिगृहात बीजगणिताशी झटत होती! मी तर मावशीवर उखडलेच. म्हटलं, पोटच्या पोरीच्या नावाला काळं फासलंस, तुझी जीभ कशी रेटली?

मावशी शांतपणे म्हणाली, "बाटल्याली पोर कोण मागाय येत न्हाय, वैनी. आता ती शिकंल."

पोरीबरोबर तिलाही जातीबाहेर टाकलं. तिच्या हातचं पाणी कुणी घेईना, लग्नकार्याचा निरोप नाही, सख्ख्या बहिणीच्या मातीलासुद्धा तिला येऊ दिलं नाही. आणि मायलेकी एकत्र दिसल्या असत्या तर सगळंच उघडं पडलं असतं, म्हणून भेटायचीही चोरी. रेश्मा सुरुवातीला फार चिडली होती, कितीतरी महिने तिनं फोन केला नाही. मग माझ्या मोबाइलवर करायला लागली. मावशी फोनवर पोपट हाकलल्यासारखी ओरडायची, तीन शेतं ऐकू जायचं. अगं हळू बोल, गुपित आहे ना, म्हणून मीच तिच्यावर ओरडायची. बोलणं संपलं की ती फोन पदरानं पुसून परत द्यायची आणि पुढच्या ओळीला लागायची. मी तिच्यामागून उकललेली फळं वेचत जायची. तेवढंच मला जमत होतं.

रेश्माला सोलापूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. पुण्याहून तिची एसटी आमच्या वस्तीसमोरच्या हायवेवरून जाणार होती. त्या दिवशी मी बागेत गेले तर मावशी माळ्यावर! दोन्ही हातांनी खांब घट्ट धरून उभी. मी खालून बघतच राहिले. ती म्हणाली, "पोरगीच बाटवली, आता माझं काय ऱ्हायलंय?" तेवढ्यात हायवेवर एसटी आली आणि एका खिडकीतून पिवळी ओढणी हलली. एसटी लांब पुलापलीकडे दिसेनाशी झाली तरी मावशी उतरेना. शेवटी मीच वर चढले आणि तिला हाताला धरून खाली आणलं. उतरल्यावर ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

मागच्या थंडीत तापाचं निमित्त झालं आणि मावशी गेली. दवाखान्यात चल म्हणून मी दोनदा विनवलं होतं, पण पोपट फळाला लागलेत म्हणाली. सकाळी चहा घेऊन गेले, तर खोपीत निपचित पडलेली. तात्यांनी दिराकडे निरोप धाडला. बाटलेल्या घरच्या मातीला आमी येत नसतो, असं उत्तर आलं. गावच्या स्मशानात पारधी नको म्हणून इकडेही कुजबुज सुरू झाली. तात्यांनी कुणाशी वाद घातला नाही. फावडं घेतलं आणि बागेच्या कडेला स्वतः माती उकरायला लागले.

रेश्मा सोलापूरहून आली. इतक्या वर्षांनी आईजवळ उघडपणे बसली. तिचे केस सारखे करत मला म्हणाली, "मला कुणी मागाय येऊ नये म्हणून तिनं हे केलं, वैनी. मग तिला न्यायलाबी कुणी आलं न्हाय."

तिरडीला तात्या पुढं झाले, माझा नवरा झाला, रेश्मा झाली. चौथ्या खांद्याला माणूस नव्हतं. बांधावर आमच्या भावकीतले पाच-सहा जण उभे होते, ते जमिनीकडे बघत राहिले. मी पदर खोचला आणि वाकले.