सुई चालते, पाणी नाही

पाटलानं माझ्या हातातल्या गडूला असा फटका मारला, की गडू भिंतीवर आदळला, उंबऱ्यावरून उडाला आणि माझं ऐकाल तर मूर्तिजापूरच्या फलाटावर जाऊन थांबला. पाणी मात्र तिथंच राहिलं. अर्धं माझ्या पांढऱ्या पातळावर, अर्धं फरशीवर. खाटेवर त्याची माय पडली होती. तिनं पाण्यासाठी तोंड उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं.

पाटील ओरडला नाही. हळूच म्हणाला, "माह्या मायच्या तोंडात तुह्या हातचं पानी?"

मी तेव्हा अकोल्यात, एका शेठजीच्या धर्मादाय दवाखान्यात नर्सिंग शिकत होते. बडनेऱ्याच्या रेल्वे खलाशाची पोर. माझा बाप एका खांद्यानं इंजिन नागपूरपर्यंत ढकलत नेतो, असं मी शाळेत सांगत असे, आणि पोरी ऐकतही असत. आम्ही बौद्ध झालो त्या दिवशी त्यानं घरातले देव गोळा केले, मला समोर उभं केलं आणि सांगितलं, की आता देव नाहीत, आता तू नर्स होशील. दोन्ही एका दमात.

दवाखान्यात शिरलं की पहिली खोली अपघाताची. विंचू चावलेले, साप चावलेले, विहिरीत पडलेले, कापसाच्या जिनिंगमध्ये हात सापडलेले, सगळे आधी तिथं. तिथं डॉक्टर नेमलेले होते, म्हणजे दारावरच्या पाटीवर होते. एरवी मागच्या बंगल्यात. दुपारी ते असे घोरत, की रुळापलीकडचा गार्ड मालगाडी आली समजून झेंडी दाखवी. झोप मोडू नये म्हणून त्यांनी एकेक काम खाली सोडलं. आधी मलमपट्टी कंपाउंडरकडे. मग टाके. कंपाउंडर दुसरीकडे नोकरीला गेला, त्याच्या जागी कोणी आलंच नाही, तेव्हा ते सगळं आम्हा शिकाऊ पोरींच्या अंगावर. शिरेत सुई घालून सलाईन लावणं हे तेव्हा डॉक्टरचंच काम. तेही त्यांनी मला शिकवलं. चांगलं शिकवलं, खोटं कशाला बोलू. डॉक्टरचं एकेक काम माझ्या हाती आलं. पाणी पाजायचं मात्र आलं नाही.

त्यासाठी कुसुम होती. माझ्याच वर्गातली, वरच्या जातीची. पाणी, दूध, तोंडावाटे द्यायचं औषध, सगळं तिनं द्यायचं. कोपऱ्यातल्या मटक्याला तिनंच हात लावायचा. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. मेट्रनबाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या पाठीवरून हात फिरवून सांगितलं होतं, "तू हुशार आहेस गं. तू सुईचं शीक. पाण्याबिण्याचं कुसुम बघेल."

मी बावळट. मला वाटलं, बढती मिळाली. सुटीत घरी गेले तेव्हा बापाला सांगितलं, की मला हलकी कामं देतच नाहीत. त्यानं ते बडनेऱ्याच्या यार्डात सांगितलं. संध्याकाळपर्यंत यार्डात मी सिव्हिल सर्जन झाले होते.

त्या दिवशी शेठजीच्या पोरीचं लग्न होतं. सगळ्यांना पंगतीचं आवतन. मलाही होतं, पण माझं ताट मागच्या अंगणात, गाडीवानांच्या रांगेच्याही पलीकडं, असं कानावर आलं. मी म्हटलं, मी ड्यूटीवर थांबते. मेट्रनबाई इतक्या चटकन हो म्हणाल्या, की मला पुढचं बोलायचं कामच पडलं नाही. अख्खा दवाखाना जेवायला गेला आणि अपघाताची खोली माझ्या एकटीवर सोडून गेला.

मे महिना. अकोल्याचा मे. त्या महिन्यात आमच्याकडं सावल्याही आपापल्या माणसाला सोडून भिंतीआड जाऊन बसतात. नळ सकाळीच गेलेला. प्यायचं पाणी म्हणजे कोपऱ्यातला तो मटका.

भर उन्हात बैलगाडी आली. पाटील मायला लेकीच्या गावाहून परत आणत होता, म्हातारी वाटेत गाडीतच कलंडली. अंग तव्यासारखं. थर्मामीटर लावला तर पारा वरच्या टोकाला जाऊन डोकं आपटू लागला. धुण्याच्या बादलीत चादर भिजवून मी तिच्या अंगावर टाकली. सलाईनची बाटली टांगली. शीर पार बुडालेली. पाटलानं स्वतः मायचा हात धरून ठेवला, आणि दुसऱ्या खेपेला सुई बसली. लाल रबरी नळीतून थेंब उतरू लागले. "शाबास, बाई," पाटील म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी कोण, कुठली, त्यानं विचारलं नाही.

म्हातारीनं डोळे उघडले. "पोरी, पानी दे वं."

कुसुम नव्हती. मी मटक्यात गडू बुडवला. म्हातारीची मान हातावर घेतली. तेव्हा पाटलानं विचारलं, मी कोणाची. मी सांगितलं. बौद्ध. लपवायचं काही कारण नव्हतं.

मग तो फटका.

मी पातळ पुसलं नाही. म्हणाले, "पाटील, बाटलीतबी पानीच हाय. सुई माह्याच हातची. काढू?"

त्यानं बाटलीकडं पाहिलं. नळीकडं पाहिलं. मायच्या दंडाकडं पाहिलं.

"सुईचं चालते," तो म्हणाला. "पान्याचं नाई."

माझ्यासाठी सगळं तिथं उघडं पडलं. मेट्रनबाईंचा पाठीवरचा हात. माझी बढती. यार्डातला सिव्हिल सर्जन.

त्यानं गाडीवानाला लग्नाच्या मांडवात पिटाळलं, चांगल्या घरची पोरगी आण आणि चांगलं पाणी आण. मटका तर माझ्या हातानं बाटला होता. स्वतः मटका आणि खाट यांच्या मधोमध उभा राहिला. मी डावीकडून गेले, तो डावीकडं. उजवीकडून गेले, तो उजवीकडं. एवढा थोरला माणूस, पोरांच्या खेळासारखा आडवा येत होता. म्हातारी मागत राहिली. लेकाला नाही, मला मागत राहिली. पुढं तिची शुद्ध हरपत चालली आणि ती मला चंद्री म्हणू लागली. चंद्री म्हणजे तिची ती लेक, जिच्या घरून ती आली होती.

"चंद्रे, पानी."

मग मागणं थांबलं.

कुसुम अनवाणी धावत आली. हातात मांडवातला तांब्या, त्यात वाळ्याचं थंडगार पाणी. तिनं ते म्हातारीच्या तोंडात सोडलं. ते ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर आलं. कुसुमनं माझ्याकडं पाहिलं आणि ती हमसून रडली. दुसऱ्या दिवशी नव्या मटक्यापाशी तीच उभी होती.

मी एरवी एकाचं दहा करून सांगते. इथं काही वाढवत नाही. पाण्यानं म्हातारी वाचली असती, असं मी म्हणत नाही. ऊन डोक्यात भिनलं होतं. ती गेलीच असती. पण ती तहानलेली गेली, आणि पाणी त्याच खोलीत होतं.

डॉक्टरसाहेब आले. तोंडात पंगतीचा विडा. पाटील फरशीवर बसून रडत होता, आणि खरं रडत होता. रडता रडताच त्यानं सांगितलं, की या पोरीनं मटका बाटवला. साहेबांनी मटका बाहेर नेऊन फोडायला लावला. मग मला म्हणाले, "पाटलांची माफी माग. शिक्षण संपत आलंय तुझं. विचार कर."

मला बाप दिसला. यार्ड दिसलं. विचार केला, अगदी सगळा केला.

"सायेब, सुई तुमी शिकवली, तुमचे उपकार हायेत. पानी पाजाची माफी मी मांगत नाई."

"मग बिस्तर बांध."

बांधलं. बडनेऱ्याला बापानं सगळं ऐकलं. त्या दिवशी तो जेवला नाही. मग मला अमरावतीला घेऊन गेला. तिथल्या एका दवाखान्यात मी पुन्हा पहिल्या वर्षात बसले, माझ्याहून लहान पोरींबरोबर. शिकलेली सुई पुन्हा पहिल्यापासून शिकले, येत नसल्यासारखी.

आता अमरावतीच्या त्याच दवाखान्यात अपघाताची खोली माझ्याकडं आहे. तिथं पाण्याची वेगळी पोरगी नाही. जिची ड्यूटी, तिचीच सुई आणि तिचंच पाणी. नवी पोरगी आली की तिला पहिल्याच दिवशी हे सांगते, आणि पाठीवरून हात फिरवत नाही. शुद्धीवरचा माणूस आला, त्याला गिळता येत असलं, की मी आधी सांगते मी कोण. मग पाणी. मग सुई. हा क्रम मी बदलणार नाही. अजूनही तोंड फिरवणारे येतात, साहेब लोक अजूनही मला बाजूला घेऊन समजावतात. त्यांनी समजावत राहावं. मी दुसरीला बोलावणार नाही, खोलीतून हलणार नाही. ज्याला माझा अर्धाच हात चालतो, त्याला तो अख्खा घ्यावा लागेल.